कै. कॅप्टन उमरावसिंग : गोलंदाज, कास्तकार व कुटुंबवत्सल गृहस्थ

दिल्लीच्या पश्चिमेस साठ किलोमीटरांच्या आत झज्जर नावाचे जिल्ह्याचे गाव आहे. हा मुलूख पूर्वी पंजाब प्रांताच्या रोहतक जिल्ह्यात मोडत असे; १९६६ साली हरयाणा राज्य झाल्यावर तो तिकडे गेला व १९९७ साली झज्जर हा स्वतंत्र जिल्हा झाला. पाऊस बेताचा, जमीन पुष्कळ ठिकाणी रेताड, काही विहिरींचे पाणी मचूळ. कोरडवाहू रानात बाजरी, हरभरा व मोहरी. जेथे पाणी पोहोचले तेथे गहू. आपल्या माणदेशातील अगर नगर जिल्ह्याच्या दक्षिण भागातील वाचकांस या वर्णनात फारसे परके असे काही वाटणार नाही. अशा मुलखात धाकट्या भावांनी पलटणीत नाव घालावे आणि थोरल्याने औत धरावे, ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. आपल्याकडे सातारा जिल्ह्यातील आपशिंगे या गावाने पहिल्या महायुद्धात शेहेचाळीस माणसे गमावली व गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा लागला. रोहतकेकडे अशी गावे ओळीने लागतात.

त्या झज्जरजवळच्या पलडा या खेड्यात इ. स. १९२० मध्ये उमरावसिंग यांचा जन्म झाला. घराणे अहीर, म्हणजे गुराढोरांचे व शेतीचे. नोव्हेंबर १९३९ मध्ये, महायुद्धास आरंभ होऊन दोन-तीन महिनेच झाले असता, एकोणीस वर्षांच्या आतबाहेरचा हा मुलगा तोफखान्यात दाखल झाला व १९४२ साली हवालदार झाला. पुढे त्यांच्या छातीवर जे पदक चढले त्याच्याविषयी इंग्रजीत पुष्कळ लिहिले गेले आहे. मराठीत त्यांचे चरित्र फारसे कोणास ठाऊक नाही, आणि शेतकऱ्यांच्या मासिकात ते यावे याचे कारण त्या पदकाहून निराळे आहे. हा मनुष्य पेन्शनीवर घरी येऊन दोन एकरांवर अकरा माणसांचा संसार करीत होता, आणि त्याच्या घरात पावणेदोन कोटी रुपये मोलाची चीज पडून होती. ती त्याने विकली नाही. हे कसे व का, एवढेच येथे सांगावयाचे आहे. परंतु त्याआधी ती चीज घरात कशी आली ते सांगितले पाहिजे.

१९४४ सालच्या डिसेंबरात ब्रह्मदेशाच्या आराकान भागात कलादान नदीच्या खोऱ्यातून ८१ वी पश्चिम आफ्रिकी डिव्हिजन दक्षिणेकडे उतरत होती. नायजेरिया, गोल्ड कोस्ट (आजचा घाना), सिएरा लिओन व गांबिया येथील हे शिपाई. त्यांतही शेतीवर वाढलेले पुष्कळ. वाट अशी नव्हतीच. दाट रान, उभ्या टेकड्या, ओढे. दाणागोटा विमानांतून खाली टाकावा लागे. पहाडी तोफा तुकडे सोडवून खेचराच्या पाठीवर अगर माणसांच्या डोक्यावर वाहून न्यावयाच्या व जागेवर पुन्हा जोडावयाच्या. या आफ्रिकी तोफखान्याच्या दिमतीस हिंदी तोफखान्याच्या ३० व्या पहाडी रेजिमेंटातील ३३ वी बॅटरी दिलेली होती, आणि तिच्या सर्वांत पुढे नेलेल्या तुकडीतील एका तोफेचे हवालदार उमरावसिंग होते. वय चोवीस.

ता. १५ व १६ डिसेंबरच्या दरम्यान जपान्यांनी या तुकडीवर पंचाहत्तर मिलिमीटरच्या तोफा व उखळी तोफा यांचा सतत दीड तास मारा केला. मग निदान दोन कंपन्यांचे पायदळ चालून आले. उमरावसिंग यांनी आपल्या माणसांकडून बंदुकींचा मारा नीट करवून घेतला व स्वतः ब्रेन मशीनगन धरली. दोन हातबाँबांनी ते जखमी झाले, तथापि पहिला हल्ला परतला. दुसऱ्या हल्ल्यात त्यांच्या तोफेवरील माणसे पडली. स्वतः ते व आणखी दोघे गोलंदाज एवढेच उरले. तोही हल्ला परतला. तिसऱ्या हल्ल्याच्या प्रारंभीच उरलीसुरली काडतुसे संपली.

येथे जे घडले ते शेतकऱ्यास जितके समजेल तितके इतरांस समजणार नाही. तोफ हलविण्याकरिता जो जड लोखंडी दांडा वापरतात तो त्यांनी उचलला. आपली पहार असते तशी वस्तू ती. विहिरीच्या कामावर पहार उचललेल्या माणसास तिचे वजन ठाऊक आहे. दोन बाँबांच्या जखमा अंगावर असताना, रात्रभराच्या माऱ्यानंतर, ती हत्यार म्हणून फिरविणे म्हणजे काय याचा अंदाज त्याचा त्यानेच करावा. उरलेल्या सोबत्यांस हाक देऊन ते जपान्यांच्या अंगावर गेले. तिघांस त्यांनी पाडलेले इतरांनी पाहिले. मग घावांच्या वर्षावाखाली ते स्वतः पडले.

सहा तासांनी आपल्या बाजूच्या फौजेने उलट हल्ला करून ती जागा पुन्हा घेतली. उमरावसिंग तोफेशेजारी सापडले. अंगावर सात भारी जखमा. चेहरा ओळखू येऊ नये असा झालेला. भोवती दहा जपानी मरून पडलेले. श्वास चालू होता. तोफ जागच्या जागी होती व त्याच दिवशी ती पुन्हा चालू झाली.

या कामगिरीबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. ता. ३१ मे १९४५ च्या लंडन गॅझेटात त्याची हकीकत आहे, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात राजे सहावे जॉर्ज यांनी बकिंगहॅम राजवाड्यात ते पदक आपल्या हातांनी त्यांस दिले. हे पदक १८५६ साली सुरू झाले, परंतु हिंदी शिपायांस ते १९११ पर्यंत मिळू शकत नव्हते. पंचावन्न वर्षे हिंदी रक्त त्या लायकीचे समजले गेले नाही, ही गोष्ट पदकाची थोरवी गाताना विसरू नये. दुसऱ्या महायुद्धात हिंदी तोफखान्याच्या वाट्यास आलेले हे एकच.

स्वातंत्र्यानंतर उमरावसिंग आपल्या देशाच्या लष्करात राहिले, सुभेदार मेजरच्या हुद्द्यापर्यंत चढले व पुढे त्यांस कॅप्टनचा मानाचा हुद्दा मिळाला. १९८३ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. नंतर ते पलड्यास राहिले.

आता संसाराकडे वळू. घर दोन खोल्यांचे. जमीन दोन एकर, म्हणजे आपल्या हिशेबाने ऐंशी गुंठे. खाणारी तोंडे अकरा. माणशी सव्वासात गुंठे जमीन आली. माणशी रोज चारशे ग्रॅम धान्य धरले तरी अकरा माणसांस वर्षाला सोळा क्विंटल लागते. दोन एकर भिजले तर इतके धान्य निघते, उरतेही. न भिजले तर बाजरीवर सोळा क्विंटल गाठता गाठता एखादे वर्ष हात टेकावे लागतात. आणि धान्य म्हणजे सगळा संसार नव्हे. मीठमिरची, कापडचोपड, बियाणे, गुरांची वैरण, मुलींची लग्ने, नातवंडांच्या शाळा, दुखणीबाणी ही सारी त्याच ऐंशी गुंठ्यांच्या व पेन्शनीच्या डोक्यावर. लष्कराचे निवृत्तिवेतन घरात येत असल्यामुळे निव्वळ कोरडवाहू कास्तकारापेक्षा त्यांची स्थिती बरी, इतके म्हणता येईल. श्रीमंती मात्र त्या घरात शिरली नाही.

ज्याने पहारीने शत्रू पाडले त्याला ‘दयाळू’ म्हणावे काय, अशी शंका कोणी घेईल. माझ्या मते दया हा गुण गोड बोलण्यावरून न ओळखता, मनुष्य आपल्या पदरात किती जणांना घेतो यावरून ओळखावा. दोन खोल्यांत अकरा माणसे ठेवून घेणारा गृहस्थ मन मोठे असल्याशिवाय ते करू शकत नाही. एकत्र कुटुंबात राहिलेल्या वाचकांस हे अधिक सांगण्याची गरज नाही. जागा, भाकरी व म्हाताऱ्याचा धीर या तिन्हींची वाटणी रोज करावी लागते. पैकी पहिल्या दोन आटल्या तर तिसऱ्यावरच घर उभे राहते.

अशा घरात ते पदक होते. व्हिक्टोरिया क्रॉस हा काशाचा तुकडा. धातू म्हणून त्याची किंमत काही नाही. परंतु विलायतेत अशा पदकांचे संग्राहक आहेत व लिलाव होतात. अशी पदके तर फारच दुर्मिळ. आपल्याच काळातले उदाहरण देतो : एप्रिल २००४ मध्ये महायुद्धातील एका ब्रिटिश हवाई सैनिकास मिळालेला व्हिक्टोरिया क्रॉस लंडनच्या लिलावात दोन लाख पस्तीस हजार पौंडांस गेला. त्या वेळच्या दराने ही रक्कम पावणेदोन कोटी रुपयांच्या वर जाते. उमरावसिंग यांच्याकडेही पदकास मोठमोठ्या रकमांची मागणी आली. त्यांनी ती नाकारली. विकले तर रणात पडलेल्यांच्या इभ्रतीस बट्टा लागेल, अशा अर्थाचे त्यांचे म्हणणे होते.

येथे वाचकाने जरा थांबावे. कारण ही गोष्ट ऐकताच टाळ्या वाजविणे सोपे आहे. टाळ्या वाजविणाऱ्याच्या घरात बहुधा अकरा माणसे दोन खोल्यांत राहात नसतात. कुटुंबवत्सल गृहस्थाचे कर्तव्य काय? विहीर खोल करता आली असती, आणखी दहा एकर घेता आले असते, मुलानातवांस पक्के घर मिळाले असते. आपल्या नावाच्या मोठेपणासाठी मुलाबाळांस गरिबीत ठेवण्याचा बापास अधिकार आहे काय, असा रोखठोक प्रश्न कोणी केला तर तो गैर नव्हे. आपल्याकडे मानपानापायी, देवकार्यापायी, थोरल्या आवाजाच्या लग्नापायी जमिनी गहाण टाकून मुलांस देशोधडीस लावलेले बाप आपण पाहिले आहेत, व त्यांची कोणी स्तुती करीत नाही.

परंतु उमरावसिंग यांचा प्रकार त्यातला नाही, असे मला वाटते. आणि त्याचा उलगडा आपल्या जमिनीच्या कायद्यातच सापडतो. देवस्थान इनामाची जमीन ज्याच्या वहिवाटीस असते तो ती कसतो, तिचे पीक खातो, तिच्यावर घर चालवितो. ती विकण्याचा अधिकार मात्र त्यास नसतो. मालक देव. वहिवाटदार कितीही गरजू असला तरी विक्रीखत करून देऊ शकत नाही, आणि गाव त्याला त्याबद्दल वेडा म्हणत नाही. कलादानच्या त्या तोफेवरील बाकीची माणसे एका रात्रीत पडली. गॅझेटात नाव हवालदाराचे आले, कारण तो जगला व दांडा हातात घेऊन लढताना दिसला. पदकात त्या मेलेल्यांचाही हिस्सा आहे, आणि हिस्सेदारांची संमती घेण्यास ते आता उरलेले नाहीत, असा हिशेब त्यांच्या मनाने केला. तो खरा कास्तकाराचा हिशेब आहे. सामाईक सातबाऱ्यावरील जमीन एकट्याच्या सहीने विकता येत नाही.

आणि पीक? पीक खाण्यास हरकत नव्हती, हेही त्यांनी तितक्याच स्वच्छपणे जाणले होते. या पदकासोबत ब्रिटिश सरकारकडून सालिना नेमणूक मिळते. १९५९ साली ती शंभर पौंड ठरली. त्यानंतर जगात सर्व वस्तूंचे भाव कोठच्या कोठे गेले, परंतु हे शंभर पौंड छत्तीस वर्षे शंभरच राहिले. १९९५ च्या दराने त्याचे सुमारे पाच हजार रुपये होतात. महिन्याचे चारशे आणि काही.

त्या १९९५ च्या मे महिन्यात युरोपातील महायुद्ध संपल्यास पन्नास वर्षे झाली म्हणून लंडनमध्ये मोठा समारंभ झाला. उमरावसिंग तेथे गेले होते. मानाच्या पाहुण्यांच्या तंबूच्या दाराशी त्यांना अडविण्यात आले, कारण योग्य तो परवाना त्यांच्यापाशी नव्हता. हातातील कागद पाहणारे लोक छातीवरील पदक पाहावयास विसरले! सुदैवाने एका वरिष्ठ ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याची नजर त्यावर गेली व त्यांस सन्मानाने आत नेण्यात आले. कचेरीच्या दाराशी कागद अपुरा म्हणून परत फिरलेल्या आपल्या शेतकरी बंधूंस ही हकीकत वाचून थोडे समाधान वाटेल. व्हिक्टोरिया क्रॉसवाल्याचीही तीच गत.

आत ब्रिटनचे पंतप्रधान जॉन मेजर भेटले. अशा भेटीत बहुतेक माणसे हस्तांदोलन करतात, दोन गोड शब्द बोलतात व छायाचित्र घेऊन परततात. पंचाहत्तरीस आलेल्या या शेतकऱ्याने पंतप्रधानांपाशी नेमणुकीचा विषय काढला. त्याच वर्षी ती नेमणूक शंभर पौंडांवरून तेराशे पौंड झाली. त्या दराने सुमारे पासष्ट हजार रुपये. केवळ उमरावसिंग यांची नव्हे. त्या काळी हयात असलेल्या सर्व धारकांची.

या प्रसंगाचे मला फार मोल वाटते, पदक न विकण्यापेक्षाही अधिक. जे आपले नाही ते विकावयाचे नाही, आणि जे आपले आहे ते मागण्यास लाजावयाचे नाही, ही दोन्ही लक्षणे एका माणसात क्वचित सापडतात. मानी माणसे बहुधा मागत नाहीत व उपाशी राहतात. मागणारी माणसे हळूहळू काहीही विकावयास तयार होतात. आपल्या शेतकरी समाजात पहिल्या जातीची माणसे विशेष. आणेवारी चुकली, नुकसानभरपाई अडली, कालव्याचे पाणी शेवटच्या शेतास पोहोचले नाही, तरी ‘कोठे तोंड वेंगाडावे’ म्हणून ती घरी बसतात. उमरावसिंग यांनी तोंड वेंगाडले नाही. त्यांनी थकबाकीचा आकडा समोर ठेवला. आणि लाभ झाला तो नेपाळातील गुरखा शिपायांपासून विलायतेतील म्हाताऱ्या सोजिरांपर्यंत सर्वांस झाला.

सैनिकांस जमिनी देण्याची चाल इंग्रजी अमदानीत पंजाबात मोठ्या प्रमाणावर होती. कालव्यांच्या नव्या वसाहतींत पेन्शनरांस भिजणाऱ्या जमिनीचे चौकोनच्या चौकोन मिळत. त्या वसाहती बहुतेक पश्चिम पंजाबात, व १९४७ नंतर तो मुलूख पाकिस्तानात गेला. पलड्याच्या घराचा आधार अखेर ते दोन एकरच.

मराठी वाचकांस स्वाभाविकच आपल्या माणसांची आठवण होईल. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणींतील दोघांस हेच पदक मिळाले, दोघांसही इटलीत. रायगड जिल्ह्यातील माणगावकडील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे ता. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात एकट्याने मशीनगनचे ठाणे जिंकून तेथेच पडले. संगमनेर तालुक्यातील निमजचे नामदेव जाधव यांनी ता. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या काठी आधी आपल्या दोन जखमी सोबत्यांस, एकामागून एक, खोल पाण्यातून व सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून पाठीवर घालून आणले, आणि मग परत जाऊन शत्रूची ठाणी बंद पाडली. क्रम ध्यानात घ्यावा : आधी जखमी, मग शत्रू. जाधव जिवंत परतले व १९८४ साली वारले. घाडग्यांस संसार करावयास मिळालाच नाही. उमरावसिंग यांना साठ वर्षे मिळाली, आणि त्या साठ वर्षांत त्यांच्या मनात त्यांच्या तोफेवरचे ते इतर गोलंदाज, ज्यांची नावे कोणत्याही मासिकात येत नाहीत, कायम राहिले, हे पदकाविषयीच्या त्यांच्या उत्तरावरून उघड आहे.

वृद्धपणी त्यांस प्रॉस्टेटचा कर्करोग झाला. दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात ता. २१ नोव्हेंबर २००५ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्या दिवशी भारतीय व्हिक्टोरिया क्रॉसधारकांपैकी कोणीही हयात उरले नाही. नेपाळात काही गुरखे वीर तेवढे होते. मागे दोन मुलगे व एक मुलगी. देह पलड्यास आणून लष्करी इतमामाने अग्निसंस्कार करण्यात आला. त्या मुलखात नोव्हेंबर म्हणजे गव्हाच्या पेरणीचा महिना.

नेमणुकीची रक्कम पुढे २०१५ साली ब्रिटिश सरकारने दहा हजार पौंड केली.